जिथे मी दोरी कापली होती

माझाच नकाशा माझ्या विरोधात साक्षीला उभा राहिला, तेव्हा मी गावसभेच्या मंडपाबाहेर उभी होते. आत जायची सोय नव्हती. आमच्या चुनयाश गावात जमीन ज्याच्या नावावर, सभेत बोलायचा हक्क त्याचा, आणि वडिलांची जमीन गेली भावाच्या नावावर. म्हणून मी कुंपणाच्या बांबूला टेकून ऐकत होते.

हॉटेल कंपनीचे वकील ओरोस्को पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उभे होते. त्यांनी नकाशा दोन्ही हातांनी उंच धरला होता.

“हा आमच्या इंजिनिअरने काढलेला नाही,” ते म्हणाले, “तुमच्याच गावच्या मुलीने काढलाय. तुमच्या पिण्याच्या सेनोतेतून पाण्याखालची गुहा निघते, जंगलाकडे आठशे मीटर जाते आणि इथे संपते. आम्ही सांडपाण्यासाठी खणलेला खड्डा त्याच्याही पलीकडे तीनशे मीटरवर आहे. मग आमच्या सांडपाण्याचा आणि तुमच्या पाण्याचा संबंध येतोच कुठे?”

नकाशावर खाली कोपऱ्यात माझं नाव होतं, फिदेलिया कुमुल. सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली खोल विहीर; अकरा वर्षं मी तिच्याखालच्या या गुहांमधून पोहतेय. काळ्याकुट्ट पाण्यात पांढरी दोरी टाकत पुढे जायचं, तीन-तीन मीटरवर गाठ मारायची, गाठी मोजून नकाशा काढायचा. परत यायचं ते त्याच दोरीला धरून. शहरातून येणाऱ्या गोऱ्यांना मी हे शिकवते आणि चुकले की चांगली झापते. आणि मीच अशी चूक केली होती, की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पाणबुड्याला ती सुचलीही नसती.

गुहा तिथे संपत नाही. तिथे मी थांबले होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिव्याच्या उजेडात पुढे झाडाची मुळं लोंबताना दिसली, वरच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येत होती. मी कुठे आलेय ते मला तत्क्षणी कळलं. ही सुहुय, म्हणजे अस्पर्श पाण्याची जागा. जुलैत पाऊस मागायच्या पूजेला पुरुष उपास धरून, तोंडातून शब्द न काढता त्या फटीतून दोराच्या शिडीने उतरतात आणि घागर भरून आणतात. ते पाणी कोऱ्याचं कोरं असावं लागतं, बाईच्या नजरेनेही ते बाटतं. मी काय केलं? दिवा खाली वळवला, दोरी एका दगडाला बांधली, कापली आणि मागे फिरले. नकाशावरही रेघ तिथेच सोडली. ‘पुढे वाट आहे’ एवढे तीन शब्दसुद्धा लिहिले नाहीत.

“गुहा संपत नाही!” मी बाहेरून ओरडले. “मी थांबले होते!”

वकिलांनी मान वळवली. “तिथे भिंत होती का बाई?”

“नव्हती.”

“मग थांबलात कशाला?”

मंडपातल्या प्रत्येक पुरुषाला उत्तर माहीत होतं. परक्यासमोर ते बोलायचं नसतं, म्हणून सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. पहिल्या रांगेत माझा निकानोरमामा होता. तो गावचा ह्मेन, म्हणजे पाऊस मागणारा, जंगलाच्या आणि पाण्याच्या मालकांशी बोलणारा माणूस. तोही चपलांकडेच बघत होता.

“दमल्या असतील,” वकील म्हणाले, आणि लोक हसले. माझा भाऊसुद्धा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सभाप्रमुख क्रेसेन्सियोकाकांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी हात वर करून निर्णय. सभा कंपनीच्या जागेवर, त्या खड्ड्यापाशीच. जेवण कंपनीचं.

*

मामाला गाठायला मी गुरुवारी पहाटे समुद्रावर गेले. आठवड्याचे सहा दिवस तो सरकारी खाकी शर्ट घालून कड्यावरच्या जुन्या देवळांमधलं गवत काढतो आणि भिंतींवर चढणाऱ्या पर्यटकांवर शिट्टी फुंकतो. आपल्याच पणजोबांच्या देवळात तो सात वाजेपर्यंत माणूस असतो, फाटक उघडलं की नोकर होतो. म्हणून मी साडेसहालाच गेले. खाली किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा ढीग सडत पडला होता, वाऱ्याबरोबर त्याचा कुजका वास वर येत होता. घोरपडी उन्हाची वाट बघत पायऱ्यांवर बसल्या होत्या.

मामा दंताळ्याने पानं ओढत होता. मला बघूनही थांबला नाही.

“मामा, मी रविवारी जाणार.”

“कुठे?”

“उगाच वेड पांघरू नकोस. सुहुयच्या खालून. कंपनीच्या खड्ड्यापर्यंत.”

“नाही.”

“नकाशावर माझं नाव आहे. त्या नावाने तो माणूस गाव विकत घेतोय.”

“मग एखादा पुरुष पाठव.”

“कुणाला पाठवू? शेजारच्या लादिस्लाओला? तो न्हाणीघरात पाय घसरला तर देवाचा धावा करतो. गावात दुसऱ्या कुणाला गुहेत पोहता येतं, ते सांग.”

“शहरातले आहेत ना तुझे गोरे.”

“बाहेरच्याने त्या पाण्यात उतरायचं नाही, हा नियम कुणाचा? तुझाच ना?”

“माझा नाही. माझ्या बापाचा.”

“तुझ्या बापाने चारशे खोल्यांचं हॉटेल बघितलं होतं?”

दंताळं थांबलं. मामा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. झोप झाली नसावी.

“फिदे, जिभेला आवर घाल.”

“नाही घालणार. चारशे खोल्या मामा, चारशे संडास. तो सगळा मैला जमिनीत सोडणार. पाणी जंगलाकडून समुद्राकडे वाहतं हे मला शाळेत नाही, तू शिकवलंस. म्हणजे आधी सुहुयमध्ये, मग गावच्या सेनोतेत, मग इथे, या कड्याखालच्या झऱ्यात. आणि त्या चारशे संडासांत बायकाही बसणार आहेत. माझी नुसती नजर पडली तर पाणी बाटतं. आणि त्यांचं काय?”

एक मोठी घोरपड आमच्या दोघांच्या मधून आरामात निघून गेली.

“पाऊस आला नाही, तर गाव तुला जबाबदार धरेल,” मामा म्हणाला. “मला नाही, तुला.”

“धरू दे.”

“तुझ्या आईला विहिरीवर कुणी जागा देणार नाही.”

“नळ आलाय मामा. पाणी खराब झालं तर नळाला तेच येणार आहे.”

“मग जा!” तो ओरडला. “जा, पण माझ्याकडे साका मागायला येऊ नकोस.”

हे मला लागलं. साका म्हणजे मक्याचं पातळ पेय. पहिल्यांदा पाण्यात उतरले त्या दिवसापासून प्रत्येक वेळी मामाने माझ्यासाठी ते काठावर ओतलंय आणि पाण्याच्या मालकाला सांगितलंय, की ही माझी पोर आहे, हिला जाऊ दे आणि येऊ दे. दोरी, दिवे, हवेचे सिलिंडर सगळं खरं, पण त्या वाटीभर साक्याशिवाय मी कधी पाण्यात पाय बुडवला नव्हता. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

देवळाच्या दारावर तो देव कोरलेला आहे, डोकं खाली, पाय वर. गाईड लोक त्याला पडणारा देव म्हणतात. मी सहा वर्षांची असताना मामाने मला इथेच खांद्यावर बसवून सांगितलं होतं, की नीट बघ, पडणारा माणूस हात असे जुळवून धरत नाही, हा आपणहून उडी मारतोय. मी त्या देवाकडे बोट दाखवलं.

“हा उडी मारायच्या आधी कुणाला विचारायला गेला होता, मामा?”

तेवढ्यात फाटकाशी पहिली बस लागली. मामाने शिट्टी तोंडात धरली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

*

रविवारी सकाळी साका मीच केला. गुठळ्या झाल्या. गावच्या सेनोतेच्या काठावर ओतला आणि मालकाला म्हटलं, “परवानगी मागत नाहीये, कळवतेय. तुमचंही घर आहे, तुम्हीच ठरवा.” आई काठावर मक्याची कणसं सोलत बसली होती. माझी खबर आली नाही, तर कुठल्या वेळेला कुणाला बोलवायचं ते मी तिला सांगून ठेवलं होतं.

“केस बांध नीट,” एवढंच ती म्हणाली.

मी हट्टी आहे, पण बेफिकीर नाही. हवेचा एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक नशिबासाठी, हा आमचा नियम आहे, आणि तो मी मोडत नाही. जास्तीचे सिलिंडर मामाशी भांडण व्हायच्या आधीच वाटेत ठेवून आले होते. काट्याने पहिला हिस्सा संपल्याचं दाखवलं की मागे फिरायचं, मग वकील जिंकले तरी चालतील, असं मी स्वतःला बजावलं होतं. ‘वकील जिंकले तरी चालतील’ हे बजावताना जीव जात होता.

आठशे मीटर माझ्या ओळखीचे. छताला लोंबणारे दगडाचे सुळके, खाली गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं तिथे सगळं तेल पसरल्यासारखं धूसर होतं, त्याच्या वर राहायचं. माझ्या गाठी एकेक करून बोटांखालून गेल्या. मग ती शेवटची गाठ आली. कापलेलं टोक, चार वर्षांत थोडं विसकटलेलं. मी त्याला नव्या फिरकीची दोरी जोडली.

दिवा मुद्दाम वर केला. नजर चोरून जायचं असतं तर आलेच कशाला?

पाणी दिसतच नव्हतं. मुळं हवेत लोंबत असावीत तशी दिसत होती, आणि मी त्यांच्यामधून उडत होते. तळाशी मातीची भांडी होती, काही फुटकी, काही अख्खी. मी अकरा मोजली. एका भांड्याच्या कडेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते, मडकं ओलं असताना उमटलेले. इतकं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि आमच्या पुरुषांनीही बघितलेलं नव्हतं. ते बिचारे वरून अंधारात घागर बुडवून निघून जातात. माझ्या आईने, आजीने, तिच्या आईने हेच पाणी आयुष्यभर उकळलं, वाढलं, त्यात मक्याचं पीठ मळलं, आणि त्याचा उगम बघायची त्यांना मनाई. मला सगळ्यांचाच राग आला, त्यात माझाही.

भांड्यांच्या मधोमध एक बिअरची बाटली पडली होती. उपास धरून, मौन पाळून उतरतात म्हणे! मी ती उचलून खिशात टाकली.

पुढे छत खाली आलं. कमरेच्या एका बाजूचा सिलिंडर सोडवून पुढे ढकलत, पोटावर सरपटत मी फटीतून गेले. आणि समोरून ढग आला. दुधासारखं पांढरं पाणी, सावकाश, प्रवाहाबरोबर माझ्याकडे येणारं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. क्षणभर मला वाटलं, मालकाने नाही म्हटलं. मग दगडाची भुकटी डोळ्यांवरच्या काचेवर बसली आणि डोक्यात प्रकाश पडला. कंपनीच्या यंत्राने चाचणीसाठी जे भोक पाडलं होतं, त्याचं हे पीठ. संबंध येतो कुठे म्हणत होते ना? हा असा येतो.

काट्याला वळायच्या खुणेपर्यंत दोन बोटं उरली होती. चाचपडत, दोरी सोडत मी त्या दुधातून वर सरकत राहिले. एक बोट उरलं. दगडातून धप-धप असा आवाज छातीत येऊ लागला. आधी वाटलं माझंच काळीज. पण काळजाला असा ताल नसतो. ते लाउडस्पीकरवरचं गाणं होतं. कंपनीची मेजवानी सुरू झाली होती. मी त्या गाण्याच्या दिशेने गेले, आणि पांढरं पाणी हळूहळू हिरवट उजळत गेलं.

*

डोकं वर काढलं तेव्हा खड्ड्याच्या काठावर गावातले सगळे पुरुष ताटल्या घेऊन उभे होते. केळीच्या पानात भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वास येत होता. क्रेसेन्सियोकाकांच्या हातातला घास तोंडापर्यंत जाऊन थांबला. कुणीतरी गाणं बंद केलं.

“ही इथे कशी आली?” वकील ओरडले. “फाटकावर कोण होतं?”

मी तोंडातली नळी काढली. “फाटकाने नाही आले, साहेब. जी वाट नाही म्हणता ना, त्या वाटेने आले.” मी दोरीची फिरकी उंच धरली. “हिचं दुसरं टोक गावच्या सेनोतेत, माझ्या आईच्या पायाशी आहे. जाऊन बघा.”

मग क्रेसेन्सियोकाका खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, म्हणजे तू त्या... त्या पाण्यातून आलीस?”

“हो. सुहुय पाण्यातून. डोळे उघडे ठेवून.”

कुजबुज उठली. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी शिवी घातली. माझ्या भावाने वकिलांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. वकील हुशार. त्यांना एका वाक्यात सगळं कळलं.

“अच्छा,” ते म्हणाले. “म्हणजे तुमच्याच रिवाजाप्रमाणे ते पाणी आता बाटलं. मग जपायचं काय उरलं? जेवा, आणि मग हात वर करा.”

सगळे मामाकडे बघू लागले. तो एकटाच बसला होता, समोरच्या ताटलीला हातही न लावता. मी पाण्यात उभी होते, कंपनीच्या लोखंडी शिडीला धरून, आणि मला माहीत होतं की आता त्याच्या एका शब्दावर सगळं आहे. तो ‘बाटलं’ म्हणाला की मी केलेलं सगळं वकिलांच्याच पदरात पडणार होतं.

मामा उठला. गुडघे धरत शिडीच्या चार पायऱ्या उतरला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

“काय बघितलंस?”

“अकरा भांडी. मुळं. आणि हे.” मी बाटली दिली.

मामाने ती उलटसुलट करून बघितली, मग वर बघितलं. दोघा-तिघांना अचानक झाडांवरचे पक्षी दिसू लागले.

“आणि पाणी?”

“पाणी दिसलंच नाही मामा, इतकं निर्मळ. पण हे पांढरं तिकडे निघालंय. भांड्यांपासून चाळीस पावलांवर पोचलंय.”

मामाने कमरेची तुंब्याची वाटी काढली, माझ्या खांद्याशी बुडवून ते पांढरं पाणी भरलं, आणि शिडी चढून वकिलांच्या नाकासमोर धरली.

“प्या.”

“काहीतरीच काय!”

“बाईने पाणी बाटतं का, ते मी बघीन. ते माझं काम आहे, तुमचं नाही. हे पीठ तिकडे नेलं ते माझ्या भाचीने नाही, तुमच्या यंत्राने. तुम्ही एक घोट घेऊ शकत नाही, तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या का प्यावं?”

वकिलांनी वाटीला हात लावला नाही. मामाने ती त्यांच्या बुटांशी उपडी केली आणि क्रेसेन्सियोकाकांना म्हणाला, “घे मत.”

कंपनीच्या बाजूने तीन हात वर गेले. त्यातला एक माझ्या भावाचा होता.

मला ओढून वर घेतलं ते लादिस्लाओने, आणि पाण्याच्या इतक्या जवळ आल्याने तोच जास्त घाबरला होता. काठावर हात टेकला तेव्हा तळव्याला काहीतरी चिकट लागलं. खड्ड्याच्या कडेला, कंपनीच्या मंडपामागे, जमिनीवर मक्याचा पांढरा ओघळ वाळत आला होता. पहाटेचा असावा. त्यात एकही गुठळी नव्हती.

मी मामाकडे बघितलं.

“मागू नकोस म्हटलं होतं,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “तू मागितला नाहीस.”

*

कंपनी कोर्टात गेली आहे. माझा नकाशा या वेळी आमच्या बाजूने साक्षीला आहे, आणि त्यावर एकही जागा कोरी नाही. पाऊस उशिरा येतोय. काही बायकासुद्धा मला बघून रस्ता ओलांडतात. पाऊस दरवर्षीच उशिरा येतो, पण या वर्षी त्याला कारण सापडलंय. ओलांडू देत.

पूजेच्या आदल्या दिवशी मामा घरी आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

“उद्या पुरुष उतरायच्या आधी तू खालून जाऊन ये,” तो म्हणाला. “आणखी बाटल्या असतील. तळ साफ कर.”

“वा! झाडायचं म्हटल्यावर बाई बरी आठवली.”

“मग काय म्हणणं आहे तुझं?”

“झाडीन. पण घागर मी भरणार. तुमची शिडी वरून सोडा आणि मी देईन ती वर ओढून घ्या.”

आई चुलीपाशी होती, तिचा पोळी थापणारा हात थांबला. मामा मला काहीतरी बोलणार होता. मग त्याने पिशवीतून पूजेची घागर काढली, आणि माझ्यापुढे सरकवली.

“काठ तुटलाय एका बाजूला,” तो म्हणाला. “जपून धर.”